पाण्याखालचं अंगण

महाळुंग्यात आमच्या कंपनीच्या गेटसमोर चहा प्यायला तो म्हातारा रोज यायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

"ह्ये निळे ड्रम कशाला हो?" एकदा त्यानं विचारलं.

"त्यांवर सोलर पॅनेल बसवून धरणात तरंगवायचे. दिवसा उन्हाची वीज, आणि वाचलेल्या पाण्यावर संध्याकाळी धरणाची."

कुठलं धरण ते मी सांगताच त्यानं मांडीवर थाप मारली. "तिथं आमचं घर बुडालंय की! गाव उठलं तवा लाईट न्हवती. आता आली, ती थेट छपरावर!" मग मिशीत हसला. "अंगण तेवढं मोकळं ठेवा. आईचे पापड वाळत असत्यात."

त्या दुपारी मी पॅनेलच्या नकाशात एक चौकोन रिकामा सोडला. मॅनेजरनं कारण विचारलं.

"होडीला वाट," मी म्हणालो.