खिळेवाल्याला हाक नाही

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली मौनी म्हणायची. खरं तर त्यात मौनाचा भाग थोडा आणि खिळ्यांचा जास्त होता. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या तोंडात चिमूटभर बारीक काळे खिळे असायचेच. जिभेने एक खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांच्या फटीत आणायचं, लोहचुंबकाच्या तोंडाची हातोडी ओठांपाशी न्यायची, खिळा तिला चिकटला की लाकडावर टेकवायचा, मग एक हलका ठोका आणि एक जोराचा. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, आणि तिसरा हात माणसाला नसतो म्हणून उरलेलं काम तोंडाकडे. लोकांना मात्र वाटायचं, माणूस फार विचारी आहे. गिऱ्हाईक आपलं घरचं सगळं रामायण ऐकवायचं, हा मान डोलवायचा, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन सांगायचं की मास्तरांनी सल्ला अगदी योग्य दिला.

त्याच्या उस्तादाने त्याला काम शिकवण्याआधी एक नियम शिकवला होता. तोंडात खिळे असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. त्याला काही विचारायचं नाही, हसवायचं नाही, मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. दचकून श्वास आत घेतला की खिळाही आत जातो, आणि तो कुठल्या नळीत जाईल ते त्याचं तो ठरवतो. म्हणून दुकानात कोणीही आलं तरी उंबऱ्याशी उभं राहायचं. याने वर पाहिलं की आपलं काय ते हळू सांगायचं, पण काही विचारायचं असलं तर याने खिळे वाटीत थुंकेपर्यंत थांबायचं. गल्लीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की वीजबिल वाटणारासुद्धा दारात हात बांधून उभा राहायचा.

खिळे स्वच्छ असायचे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तोही तेच तुणतुणं वाजवणार आहे. रोज सकाळी तो ते पातेल्यात खळखळून उकळायचा. दुकानात एक पातेलं चहाचं आणि एक खिळ्यांचं होतं, आणि त्यांची अदलाबदल कधीच झाली नाही असं तो छातीठोकपणे सांगायचा. चहा पिणाऱ्यांची खात्री तेवढी नव्हती.

बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी पाच वर्षांची होती. साधं दुखणं म्हणता म्हणता आठवड्याभरात सगळं संपलं. त्यानंतर त्याची थोरली बहीण, आक्का, आपली ट्रंक घेऊन राहायला आली. आक्काचं तोंड अखंड चालू असायचं. भावाच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलून टाकते, असं शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, पण ती नसताना. मुलीचं नाव काहीही असलं तरी घरात तिला ठकी म्हणत. शाळा सुटली की ठकी दुकानात यायची आणि बापाच्या पाठीमागे, कापड सोलून काढलेल्या कुठल्यातरी सोफ्याच्या उघड्या पोटात जाऊन बसायची. स्प्रिंगांच्या मधे तिच्यापुरती जागा असायची. आधी ती तिथून बडबड करायची. मग बडबड कमी होत गेली. बापाच्या हे लक्षात आलं नाही, कारण पाठीमागे शांतता असली की काम छान होतं.

आणि एक दिवस ठकीने जेवताना ताट लोटून दिलं. आक्काने तिचं तोंड उघडून पाहिलं, तर खालच्या ओठाच्या आत दोन पांढरे फोड, कडेने लालभडक.

"उष्णता," आक्का म्हणाली. आक्काच्या मते माणसाला होणारे सगळे आजार उष्णतेने होतात, आणि उरलेले थंडीने.

तिखट बंद झालं, तळलेलं बंद झालं, आंबट फळं बंद झाली. थंड दूध सुरू झालं. फोड बरे होत आले आणि शेजारी नवे उठले. इस्त्रीवाल्याने तुरटी लावायला सांगितली. तुरटी लावल्यावर ठकी अशी किंचाळली की तो आपली गरम इस्त्री एका शर्टावरच विसरला. औषधांच्या दुकानदाराने जांभळं औषध दिलं. आता फोड होतेच, शिवाय ते जांभळे होते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पेन्सिल चावत असेल. घरातल्या सगळ्या पेन्सिली उजेडात धरून तपासल्या गेल्या, एकीवरही दाताची खूण नव्हती. आक्काने दात घासायचा ब्रश बदलून मऊ आणला, टूथपेस्ट बदलली, पाण्याचा माठ बदलला, आणि शेवटी बदलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून घरातल्या चादरी बदलल्या.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असलं की ठकीला जरा आराम पडायचा. ती कुस्करलेलं केळं खायची. आक्का याचं श्रेय केळ्याला द्यायची.

मग एका संध्याकाळी मौनीने ठकीला सोफ्याच्या पोटातून उचललं आणि त्याचा हात थबकला. भरण कमी झालेली गादी त्याला उचलताच कळायची, आणि ही मुलगी भरण कमी झाल्यासारखी लागली. बायकोच्या वेळी सगळे असंच म्हणत होते, साधं आहे, होईल बरं. ठकीला काही झालं तर आपण जगायचं कशासाठी, हा विचार त्याच्या मनात इतका सरळ आला की तो तिथेच एका खुर्चीच्या सांगाड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं आणि ठकीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. आक्काही निघाली होती. तिला त्याने हाताने थांबवलं.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, आवाजाने बारीक आणि स्वभावाने कडक होत्या. त्यांनी ठकीचं तोंड बॅटरीने नीट पाहिलं, हातापायांचे तळवे पाहिले, ताप पाहिला.

"ताप नाही, अंगावर पुरळ नाही. म्हणजे साथीतला आजार नाही," त्या म्हणाल्या. "लहान मुलांच्या तोंडात फोड यायला कारणं पुष्कळ असतात. अंगात लोह किंवा जीवनसत्त्व कमी पडलं, एखादं खाणं सोसलं नाही, मनावर ताण आला, गाल चावला गेला. पण तसे फोड तोंडात कुठेही उठतात. हिचे बघा, सगळे ओठाच्या आत, एका ओळीत, आणि जुन्या व्रणावर नवा. रोज काहीतरी टोचतंय. तोंडात काही घालते का? नाणं, पेन्सिल, खेळणं?"

"नाही," मौनी म्हणाला. "आमच्या घरात तशी सवय कोणालाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"तुम्ही बोलताना तोंडात काय वाजतंय?"

"कुठे काय."

"आ करा."

त्याने आ केला. मग त्याला स्वतःलाच आठवलं, आणि त्याने गालाच्या कोपऱ्यातून एक खिळा काढला, शर्टाला पुसला आणि तळहातावर ठेवून त्यांना दाखवला.

"हा खिळा आहे," त्या म्हणाल्या.

"उकळलेला आहे."

डॉक्टरीणबाईंनी तो खिळा उचलून उजेडात धरला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत या उत्तरावर काय म्हणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

"आत्ताच तुम्ही म्हणालात, घरात कोणी तोंडात काही घालत नाही."

"घालत नाहीच. हे काम आहे."

तो खोटं बोलत नव्हता. पंचवीसेक वर्षं जी वस्तू तोंडात आहे ती तोंडात घातलेली आहे, असं त्याला वाटेना. दात असतात तसे खिळे. डॉक्टरीणबाईंनी त्याचा नाद सोडला आणि ठकीसमोर हात पुढे केला. ठकीने आधी बापाकडे पाहिलं. मग फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि त्यांच्या हातावर खिळे ठेवले, काळे, बारीक, स्वच्छ.

हाक मारायची नाही, दचकवायचं नाही, हा नियम का आहे ते त्या खोलीत फक्त मौनीलाच ठाऊक होतं. आणि गेले कित्येक दिवस त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, स्प्रिंगांत बसून ही पोर तोंडात खिळे धरून होती, समोर तो हातोडी आपटत होता, आणि पलीकडे इस्त्रीवाला मोठमोठ्याने शिंकत होता.

"गिळलास का एखादा?" त्याने विचारलं.

ठकीने खांदे उडवले.

"पोटाचा एक्स-रे फोटो काढून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी गिळलात?"

"गेले असतील एखाददोन."

"मग?"

"काही नाही. उकळलेले होते."

फोटो काढायच्या खोलीबाहेर तो बाकड्यावर बसला. तोंड रिकामं होतं आणि जीभ कुठे ठेवायची ते त्याला समजत नव्हतं. ती सारखी गालाच्या कोपऱ्यात जाऊन रिकामी परत यायची. त्याने मनातल्या मनात सगळ्यांना शब्द दिला, डॉक्टरीणबाईंना, उस्तादाला, गेलेल्या बायकोला, की हिच्या पोटात काही नसू दे, मी पुन्हा तोंडात काडीसुद्धा धरणार नाही.

फोटोत काही नव्हतं. ठकीच्या फासळ्या होत्या, बाकी काही नाही. मौनी भिंतीकडे तोंड करून रडला. डॉक्टरीणबाईंनी तेवढा वेळ कपाटातलं काहीतरी शोधण्यात घालवला, आणि मग कडक आवाजात सुरू झाल्या.

"खिळे कायमचे बंद. तिचेही आणि तुमचेही, कारण तुमचं बघून ती करणार. तुरटी बंद, जांभळं औषध बंद. दिवसातून तीनचार वेळा कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायला लावा, गिळायचं नाही. हे जेल जेवणाआधी बोटाने लावायचं, फार दुखलं तर हे दुखण्याचं औषध, वजनाप्रमाणे लिहून देते. मऊ आणि गार खायला द्या, आंबट-तिखट नको. पाणी भरपूर प्यायला हवं, तेच महत्त्वाचं. दोन आठवड्यांत भरले नाहीत, ताप आला, किंवा पाणीही पिईनाशी झाली, तर मला विचारत बसू नका, सरळ घेऊन या." मग त्या थांबल्या. "आणि ती हे का करत होती, ते तिला विचारा. मी विचारलं तर सांगणार नाही."

बाहेर आल्यावर त्याने तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. विचारायची सवय नव्हती. कुठून सुरुवात करतात ते त्याला माहीत नव्हतं.

"माझ्यासारखं काम शिकायचं होतं का?"

ठकीने मान हलवली. नाही.

"मग गं?"

"खिळेवाल्याला कोणी काही विचारत नाही ना," ठकी म्हणाली. ओठ दुखत होता म्हणून ती हळूहळू बोलली. "दुकानात येतात ते सगळे मला विचारतात. आई आठवते का म्हणून. गाल ओढतात आणि विचारतात. तुला नाही विचारत."

मौनीला आठवलं की आजकाल तो जेवणं आटोपली की एक खिळा गालात ठेवतो, आणि तेव्हा हातात ना हातोडी असते ना कापड. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तरी कुठला सोफा होता? आक्का समोर बसून भावजयीचा विषय काढायची, आणि हा आपल्या मिटलेल्या ओठांकडे बोट दाखवायचा. आक्का गप्प बसायची. नियम म्हणजे नियम. वर्षभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आपल्याला हे किती छान जमलं, असं त्याला वाटत होतं. पोरीने ते बघूनच उचललं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर आक्काला सगळं सांगितलं. आक्काने कपाळाला हात लावला, मग थोडा वेळ रडली, आणि मग म्हणाली की खिळेही उष्णच असतात.

दुसऱ्या दिवसापासून खिळे वाटीत राहिले. हात वाटीकडे जायचा, कापड सुटायचं, हात परत यायचा, कापड पुन्हा ताणायचं. खुर्चीला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आता खुर्चीची एक बाजू व्हायची. अंगठा रोज ठेचला जायचा. वाईट म्हणजे तोंड रिकामं असल्यामुळे गिऱ्हाइकांना समजलं की मास्तरांना बोलता येतं, आणि कापडांच्या रंगांविषयी त्यांची मतं गिऱ्हाइकांच्या मतांपेक्षा फारच वेगळी आहेत. एकदोघांना तो मौनी होता तेच बरं होतं असं वाटलं.

ठकी सोफ्याच्या पोटात बसून होती. मिठाच्या चुळा चालू होत्या. फोडांच्या कडा फिक्या होत आल्या होत्या. एकदा तिने अख्खी भाकरी दुधात कुस्करून संपवली, तेव्हा आक्का रिकामी वाटी इस्त्रीवाल्याला दाखवून आली.

आणि मग ती बाई आली जिच्या दिवाणाचं काम चालू होतं. बाई मनाने वाईट नव्हती. ती वाकली, स्प्रिंगांतून हात घालून तिने ठकीचा गाल धरला आणि विचारलं, "काय गं बाळा, आई आठवते का?"

ठकीचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तिने ओठ घट्ट मिटले.

मौनीने हातोडी खाली ठेवली.

"आठवते," तो म्हणाला. "आम्हाला दोघांनाही आठवते. रोज. गाल सोडा तिचा, ओठ दुखतो."

बाईने गाल सोडला. तिने पुढे असलेल्या कापडातलं पहिलंच कापड पसंत केलं आणि निघून गेली. ते कापड तिच्या भिंतींना अजिबात शोभणारं नव्हतं, पण या वेळी मौनीने तसं सांगितलं नाही.

मौनीने हातोडी उचलली आणि वाटीतून पुढचा खिळा घेतला. मग पाठीमागून ठकीने विचारलं, "बाबा, तुला कधी जास्त आठवते?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो काम चालू असताना मागे वळला.

"गप्प बसलो की," तो म्हणाला.

"मग बोल ना."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या आईने या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा चुकून कोणत्या पातेल्यातलं पाणी चहा म्हणून प्यायली, तिथून त्याने सुरुवात केली. त्या दिवशी दिवाणाचं काम पुढे सरकलं नाही.