डोंगरपायथ्याची माती

काल माळा आवरताना दादाची कापडी पिशवी सापडली. आत मूठभर फिकट, कोरडी माती होती.

चाळीस वर्षांपूर्वी दादा माती तपासायच्या नोकरीत राजस्थानात होता. आई गेली तेव्हा त्याला तार उशिरा मिळाली, आणि तो बोरीवलीला घरी पोचला तो पाचव्या दिवशी. "तिथली माती मला दाखव," असं आईनेच त्याला सांगितलं होतं, म्हणून तो ती घेऊन आला होता. तो रडला नाही. तिच्या रिकाम्या खाटेपाशी बसून सांगू लागला, "आई, डोंगरातून ओढा बाहेर पडतो ना, तिथे हातपंख्यासारखा गाळ पसरतो. वरच्या अंगाला दगडगोटे, खाली बारीक रेती. जरा खणलं की पांढरा चुना लागतो." मग त्याने चिमूटभर मातीवर लिंबू पिळलं. ती हलकेच फसफसली.

"आता कुणाला दाखवतोयस रे?" मी म्हणाले.

त्याने हात पुसले आणि पिशवीचं तोंड बांधलं. पुन्हा घरात त्याने मातीचा विषय कधी काढला नाही.

दादालाही जाऊन आता तीन वर्षं झाली. तेव्हा तो मला निष्ठुर वाटला होता. खरं तर त्याला रडणं तेवढंच जमत होतं, आणि मी तेही थांबवलं.