बत्तीस जीबीसाठी म्हसावद ते शहादा

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर अमेरिका निवडली की मेमरी निवडा, पडदा निवडा, कीबोर्डसुद्धा निवडा. भारत निवडला की सगळं गायब. आठ जीबी, राखाडी रंग, घ्यायचा तर घ्या! मी घेतला. पुण्याच्या ज्या आर्किटेक्ट सरांचं काम मी घरून करते, त्यांची एका घराची फाइल त्यावर काही केल्या उघडेना. मंगळवारी सर म्हणाले, "सोमवारपर्यंत बत्तीस जीबी कर, नाहीतर पुण्याच्या ऑफिसला ये." मला आमचं गाव, म्हसावद, सोडायचं नव्हतं. शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि शहाद्याची एसटी धरली. सोबत आबा, माझे वडील. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

प्रवास तासाभराचा धरून चला. बायकांना अर्धं तिकीट, आबांना पूर्ण. त्याचा राग त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकल्यावर कंडक्टरवर काढला. स्टँडबाहेर शेवभाजी जरूर खा, पण "तिखट कमी" सांगा. उपयोग होत नाही, तरी सांगा.

मेनरोडला रफिकचाचांचं दुरुस्तीचं दुकान. चाचांनी लॅपटॉपचं तळाचं झाकण खोललं आणि हसले. "आठे एक जागा रिकामी शे. कंपनीनी तुले सांगं नही."

मेमरीची जुनी पट्टी काढून सोळा-सोळा जीबीच्या दोन बसवल्या. मी पाकीट काढलं तर आबांनी हात धरला. पंप घेतानाही पाणी पडल्याशिवाय हा माणूस दमडी सोडत नाही.

"चालू करी दखाड. तासभर." आबा चाचांना म्हणाले. आधी चालवून दाखवायचं, मग पैसे.

"आबा, हा काय पंप आहे?" मी लाजेनं मेले.

"मंग तुन्हं घर दिसू दे."

फाइल उघडली, घर गोल फिरायला लागलं आणि दुकानात गर्दी जमली. एका काकांना दोन बाथरूम पटेनात. "आनि ढोरं कोठे बांधतीन?" चाळिसाव्या मिनिटाला पडदा निळा झाला आणि लॅपटॉप बंद पडला. चाचा ओशाळले, एक पट्टी खराब निघाली होती. ती बदलली. आबा स्टुलावरून हलले नाहीत. "परत तासभर," म्हणाले. या वेळी घर फिरतच राहिलं.

घरी येऊन सरांना फोन केला. "मग तिथूनच कर काम," ते म्हणाले. आनंदानं सांगायला अंगणात गेले, तर आबांनी माझं बोलणं ऐकलंच होतं; ते पुण्याच्या आत्याशी फोनवर बोलत होते. "ती खोली दुसराले दी टाक. पोर नही ई ऱ्हायनी."

बोलण्यावरून कळलं, पुण्यात माझ्यासाठी खोली त्यांनी बुधवारीच धरून ठेवली होती, मला एका शब्दानं न सांगता. बोलता बोलता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी तशीच मागे फिरले आणि चहा टाकला, त्यांना आवडतो तसा, दुप्पट साखरेचा.