अफझलगंजचा कापूस

सरकारी दवाखान्यात नोकरी केली की किस्से नको म्हटलं तरी साचतात. हैदराबादच्या आमच्या कॅज्युअल्टीतले थोडे सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, आम्ही सिस्टरही हसायचो. रडायला ड्यूटीत वेळ कुठला?

मार खाल्लेली बाई आली की सोबत नवरा असायचाच, आणि तिच्याआधी तोच बोलायचा, "जिन्यावरून पडली." अंबरपेठेतल्या बैठ्या घरातल्या बायकाही जिन्यावरूनच पडायच्या! मग आमच्यातल्या सीनियर सिस्टर सुलोचनाताई त्याला अफझलगंजच्या बाजारात कापूस आणायला पिटाळायच्या. कपाट कापसानं भरलेलं असायचं. तो गेला की दार लावून ताई हळूच विचारायच्या, "आता सांग, कुणी मारलं?" आणि बाई बोलायला लागायची.

एकदा एकानं हटकलं, "इत्ते बडे दवाखाने में रुई नहीं क्या?"

"सरकारी दवाखाना है, भाई," ताई म्हणाल्या. लगेच पटलं त्याला.

*

ऐकून घेणं ताईंना जमायचं, म्हणून असली प्रत्येक केस त्यांच्याच गळ्यात. घरी त्यांना जेवण जाईना, झोप लागेना. हे काम सगळ्यांत पाळीपाळीनं वाटा, नाहीतर मला थोडे दिवस दुसऱ्या वॉर्डात टाका, असं त्यांनी मेट्रन मॅडमना सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला इतकं छान जमतं, तुम्हाला कशी सोडू?"

आमच्यातल्या एका कामचुकार सिस्टरची बदली मात्र मागताक्षणी झाली. मला अजून संताप येतो.

*

तेव्हा देशात रोज काहीतरी नवं येत होतं. टायवाले ट्रेनरही आले. आमचा ताण घालवायला एकाला बोलावलं. डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणा, म्हणाला. डबल ड्यूटी करून आलेली नफीसा चक्क घोरायला लागली. ट्रेनर खूश! "बघा, किती सुंदर रिलॅक्स झाल्या!"

ताईंनी डोळे मिटलेच नाहीत. मिटले की त्या बायका दिसतात, म्हणाल्या. त्यानं त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

*

शेवटी एका दुपारी ड्रेसिंग करता करता ताई कोसळल्या. त्यांचे यजमान हिमायतनगरचं ऑफिस सोडून धावत आले. ताई शुद्धीवर होत्या, पण तोंडातून शब्द नाही. मेट्रन मॅडम उशाशी उभ्या राहून, उद्या ड्यूटीवर येणार ना, असं विचारत होत्या. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, जरा अफझलगंजहून कापूस आणता?"

भाऊजींनी हे कापसाचे किस्से घरी कितीदा तरी ऐकलेले. चेहरा उतरला त्यांचा. ताईंकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ते देवमाणूस आहेत," ताई पहिल्यांदाच बोलल्या.

मी त्यांचा हात धरला. "मग सांगा ना ताई, कशानं झालं हे?"

ताईंनी उशाशी पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी मॅडमनाही कापूस आणायला पाठव."