कनवटीतल्या तीन गोळ्या

१४ नोव्हेंबर १९९५. सकाळी सव्वाआठ. सासूबाईंची पट्टी बदलायची होती. नवरा हवाई दलाच्या कामासाठी जोधपूरला, मला दहाला बँकेत पोचायचं. पाणी उकळून, कापूस आणि गॉज मांडून मी तयार.

बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. एव्हाना जखम सुकायला हवी होती. पण त्यांच्या हृदयात धातूचा वॉल्व. त्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज. ऑपरेशनपुरती थांबवलेली ती गोळी पुन्हा सुरू झाली आणि जखम पाझरू लागली. कातडीखाली रक्त साकळून जांभळा फुगवटा आला. डॉक्टर म्हणाले होते, या गोळीवर असं होतं, भरायला वेळ लागेल, पण गोळी चुकवायची नाही. रोज संध्याकाळी ती मी त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि पाणी आणायला वळायचे.

त्या दिवशी पट्टी कोरडी निघाली.

"बघा आई, भरत आली."

"मग आता दुपारची धावत घरी येऊ नकोस."

ऑपरेशननंतरही त्या नऊवारीच नेसत, फक्त सैल. नवी पट्टी चिकटवायला मी लुगडं आणखी सैल केलं तर कनवटीतून सुपारीचं खांड पडलं आणि मागोमाग तीन गोळ्या.

"हे काय?"

"दिसतंय की तुला. ती गोळी रक्त वाहवते. तीन दिवस बंद केली, जखम मिटली."

अर्धं खरं होतं. त्यामुळे भांडताही येईना.

"आणि वॉल्व बंद पडला म्हणजे?"

"पडला तर पडला. तुझी रजा संपली, दुपारी उन्हातून येतेस, पुन्हा जातेस. माझ्या पोटाला पट्टी बांधायला तू बँकेत लागलीस का?"

मी रिक्षा बोलावली. इस्पितळापर्यंत मी त्यांच्या अगदी जवळ बसले होते. शांत खोलीत त्यांच्या छातीतली बारीक टिकटिक ऐकू येते, रस्त्यावर काही येईना. शेवटी मनगट धरून नाडीच मोजत राहिले.

मराठी न येणाऱ्या डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली. "वॉल्व की आवाज़ तो साफ़ है," ते म्हणाले आणि माझे खांदे खाली आले. रक्त तपासलं. गोळीचा असर चढेपर्यंत इंजेक्शनं द्यायची ठरली. चुकलेल्या तीन गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मग सासूबाईंकडे वळले.

"अम्माजी, घाव देर से भरेगा तो हम बैठे हैं. दिमाग़ में थक्का चला गया तो हम क्या करेंगे? ऐसा किया क्यों?"

"बहू का कितना खाडा होता है," सासूबाई म्हणाल्या.

'खाडा' न कळून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

घरी आल्यावर म्हटलं, "यापुढे गोळी माझ्यासमोर गिळायची. तोंड उघडून दाखवायचं."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

"शाळेतल्या पोरींना एवढी अक्कल असते."

त्या हसल्या आणि लगेच पोटावर हात धरला, टाके ओढले म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलून मी बँकेत गेले आणि पंधरा दिवसांच्या बिनपगारी रजेचा अर्ज देऊन अकराच्या आत घरी परतले.