पिवळा ठिपका

दुरुस्त केलेला जुना व्हिडिओ गेम ओरिजिनल राहतो का? माझ्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी वस्तू दुरुस्त करून वापरायच्या हक्काची पत्रकं वाटत फिरणारी मुलगी. राहतो, विषय संपला.

मग चिंचवडच्या जुन्या गेमच्या प्रदर्शनात आमचाच गेम घ्यायचं ठरलं. चाकणच्या कंपनीत पर्मनंट झाल्यावर पप्पांनी आणलेली ही पहिली चैनीची वस्तू. कित्येक वर्षं बंद, पण कधी उघडलेला नाही, म्हणून थेट 'मूळ अवस्था' असं लिहिलेल्या मधल्या टेबलावर जागा. पप्पांनी सुट्टी टाकली आणि कंपनीत सोबत काम करणाऱ्या अख्ख्या लाइनला बघायला बोलावलं.

आदल्या दिवशी मी पप्पांच्या निघोज्यातल्या खोलीवर आले, तर टीव्हीवर गेम चालू.

"बंद पडलेला नेणं शोभतंय का? सॉकेट बदललं, दोन कपॅसिटर टाकले," पप्पा खुशीत म्हणाले.

आणि झाकणावर पिवळा ठिपका. त्यांच्या कंपनीत दुरुस्त करून पुन्हा तपासलेल्या पार्टवर तो देतात. अशा दुरुस्तीला रिवर्क म्हणतात. आमच्या मिक्सरवर, पंख्यावर, इस्त्रीवरही तो आहे. हात सवयीनं गेला असणार.

मी म्हणाले, "थिनरनं पुसते. आतलं कोण बघतंय?"

"कामून? चोरीचा माल हाय का?"

"पप्पा, तिथं उघडलेला चालत नाही. मधल्या टेबलावरून काढतील."

त्यांनी टीव्ही बंद केला. लाइनला काय सांगायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं असावं. माझ्या तर आलंच होतं.

सकाळी बसमध्ये मी ठिपक्यावर हात ठेवून बसले. मेलेला डबा मूळ आणि चालणारा नकली, हा कुठला न्याय? संताप येत होता. तरी पर्समध्ये पत्रकांच्या शेजारी थिनरची बाटली होती.

संयोजक माझ्याच वयाचा. त्याचं बोट थेट ठिपक्यावर. "काका, हे काय?"

"रिवर्क. सॉकेट आन् दोन कपॅसिटर. बाकी सगळं जुनंच हाय."

"मग मधल्या टेबलावर नाही बसत राव." मग हळूच, "पुसून टाका ना. मी काही बघितलं नाही."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बाटली हाताशी होती.

"नाही पुसणार," मी म्हणाले. "तुम्हाला वस्तू जपायच्या आहेत की त्यांची..."

"अगं बाई, पत्रक नको वाचूस," पप्पा म्हणाले.

गेम दाराजवळच्या, उघडलेल्या गेमच्या टेबलावर गेला. पप्पा इस्त्रीच्या शर्टात त्याच्यापाशी उभे राहिले. पहिली शिफ्ट सुटायची वेळ जवळ येत चालली, तसं मला बसवेना. पप्पाही सारखा शर्ट खाली ओढत होते.

शेवटी लाइनवरचे लोक आले आणि सरळ मधल्या टेबलाकडे गेले. तिथं शोधाशोध, एकमेकांना खुणा. एक जण हसला.

पप्पांनी घसा खाकरला.

"इकडं या, इकडं," ते म्हणाले. "रिवर्कमध्ये हाय."