मागच्या खोलीतला कापूस

रिपीटर मंडळी, आज सकाळचं इथे सांगते, कारण घरात सांगायची हिंमत झाली नाही.

यंदा नीटची परीक्षा द्यायची नाही, एक वर्ष थांबायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. निम्मं फिजिक्स अजून उघडलेलंसुद्धा नाही. आज बाबांना सांगायचंच म्हणून त्यांच्या खोलीत गेले.

आमच्या आर्णीकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. आमचा दरवर्षी मागच्या खोलीत असायचा. गेल्या वर्षी मला मार्क कमी पडले, तेव्हा ती खोली माझ्या अभ्यासाला मिळाली. यंदाचा कापूस आईबाबांच्या खाटेला टेकून पार छतापर्यंत गेलाय.

आत आई बाबांच्या पाठीला खोबरेल लावत होती. पाठभर लाल पुरळ. साठवलेल्या कापसाजवळ झोपलं की अशी खाज सुटतेच. मला पाहताच बाबांनी घाईघाईने सदरा ओढला.

"बाबा, कापूस माह्या खोलीत टाका ना," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मंग तू अभ्यास कुठी करशीन?" बाबा हसले. "तुही परीक्षा होऊ दे. तोवर आमचं काय बिघडते?"

मी "बरं" म्हटलं. माझ्या मोकळ्या खोलीत आले, दार लावलं आणि दुपारपर्यंत मोबाईल पाहत बसले.

परीक्षा देऊ की थांबू, हे तुम्ही सांगालच. पण पुढच्या वर्षीही कापूस निघणार आहे. तोही तुमच्याच खाटेजवळ ठेवा, हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?